बिनबॅटरीचं इंजिन

४ मार्च, मंगळवार

ही वही डॉक्टरणीने दिली. म्हणाली, "आजी, चक्कर आली की तारीख, वेळ आणि तेव्हा काय करत होतात ते लिहायचं. पुढच्या वेळी मला दाखवायचं." मी म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली, माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. ती म्हणाली, "माझंही कुणाला लागत नाही." पोरगी हजरजबाबी आहे. तिशीच्या आतलीच असेल.

पण तिला दाखवायचं म्हटलं की खरं काही लिहिता येणार नाही. म्हणून तिच्यासाठी एक वेगळी चिठ्ठी केली. तिच्यात नुसत्या तारखा. वही माझी.

आज चक्कर आली नाही. चिठ्ठीवर शून्य.

दुपारी गिरणीत मका ओतताना हातपाय सैल पडले आणि अर्धा डबा जमिनीवर. दमले होते, दुसरं काय. सुनेने झाडून गोळा केला, एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं शेजारच्या घरापर्यंत ऐकू जातं.

६ मार्च

वही आहे तर गिरणीचंही लिहून ठेवते.

आम्ही पीठ दळतो आणि गुरांचा भरडा काढतो. वीज दिवसातून चार तास, तीही तिच्या मर्जीने. त्यामुळे गिरणी चालते ती मागच्या खोलीतल्या ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टर म्हणायचं आपलं. चाकं कधीच निघाली, धूड विटांवर बसवलंय. त्याच्या पुलीवरून पट्टा भिंतीच्या भोकातून इकडे येतो आणि दगड फिरतात. आमच्या ह्यांनी आणला तेव्हाच तो जुना होता. पुढे हँडल घालून हाताने फिरवायचा, पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की रॉकेलवर घ्यायचा. ह्यांचा खांदा निखळायचा, म्हणून हँडल पहिल्यापासून मीच मारते. हे जाऊन अकरा वर्षं झाली. मुलाने एकदाच हात लावला. हँडल उलट फिरलं, मनगट महिनाभर गळ्यात बांधून हिंडला. त्याला टपालातली नोकरीच बरी. तिथे फक्त शिक्के उलटे पडतात.

आजही शून्य. संध्याकाळी पायरीवर बसल्या बसल्या डुलकी लागली. उठले तर चहा पायावर सांडलेला. गरम असणार, पण कळलं नाही.

१२ मार्च

डॉक्टरणीने छातीला तारा चिकटवून कमरेला एक डबी बांधली. एक दिवस एक रात्र. ती बांधूनच दळण केलं. लोक विचारायला लागले तर सांगितलं, रेडिओ आहे. एक गवळी म्हणाला, "मग लावा की गाणी." मी म्हटलं, बातम्यांची वेळ आहे.

१५ मार्च, शनिवार

मुलगा रजा काढून बरोबर आला. तिथेच मला कळायला हवं होतं.

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, डबीत सगळं आलंय. तुमच्या हृदयाचे ठोके मुळातच कमी पडतात, चाळीसच्याही खाली. आणि मधेच ते थांबतं. एकदा चार सेकंद थांबलं, एकदा पाच."

"थांबतं? मग तुझ्यासमोर बसलीये ती कोण?"

"परत सुरू होतं म्हणून बसलायत."

मुलाचा चेहरा पिठासारखा. "उपाय काय?" म्हणाला.

तिने आपल्या डाव्या खांद्याखाली बोट ठेवलं. "इथे कातडीखाली एक छोटं यंत्र बसवायचं. ठोका चुकला की ते हृदयाला चालना देतं. आत बॅटरी असते, आठ-दहा वर्षं पुरते."

मी म्हटलं, "आमच्याकडे एक इंजिन आहे. साठ वर्षांचं. त्याला बॅटरी नाही, कधी नव्हतीच. रोज चालतं. मग मलाच कशाला?"

मला वाटलं हसेल. हसली नाही. पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बॅटरी नाही, मग ठिणगी कुठून येते?"

"येते."

"हो, पण कुठून?"

"आतून."

"आत कुठून?"

चाळीस वर्षं रोज हँडल मारलं, आणि हे मला माहीत नाही. चौथीतून शाळा सुटली त्या दिवशीही एवढी लाज वाटली नव्हती. रागाने म्हटलं, विचारून सांगते. आणि बॅटरी-बिटरी काही बसवायची नाही.

मुलगा परत येताना बोलला नाही. सुनेकडून शिकला असेल.

१६ मार्च, रविवार

मिस्त्रीला बोलावून घेतलं. ह्यांचा जुना दोस्त. सत्तरी उलटली, एका कानाने बहिरा, पण इंजिनाचं ऐकू येतं. पूर्वी हा माणूस बोनेटमध्ये डोकं घालून तासन्‌तास बसायचा. आता दारात स्टूल टाकून बसला आणि हुकूम सोडायला लागला. माणूस म्हातारपणी आळशी होतो तो असा.

"वहिनी, आधी खडूने खूण करा. मग ते दोन बोल्ट काढा."

"तुमचे हात काय गहाण पडलेत, भाऊजी?"

"तुम्ही शिकायला बोलावलंत ना? मग हात तुमचे."

इंजिनाच्या बाजूला नारळाएवढा काळा गोळा होता, तो काढला. ह्यालाच मॅग्नेटो म्हणतात. त्याच्यावर मी आजवर फडकं वाळत घालत होते.

तो म्हणाला, "आत लोहचुंबक आहे आणि त्याच्याजवळ तांब्याच्या तारेचं भेंडोळं. इंजिन फिरलं की चुंबक फिरतो. चुंबक फिरला की तारेत वीज येते. ती प्लगला जाते, ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं, इंजिन फिरतं. इंजिन फिरलं की पुन्हा चुंबक फिरतो."

"म्हणजे आपल्याच शेपटीमागे धावतो."

"तसंच. धावतोय तोवर बाहेरचं काही लागत नाही."

लाकडी चिमट्यात तार धरायला लावली आणि गोळ्याचा दांडा फिरवायला सांगितला. मी हळू फिरवला. काही नाही. झटका दिला तर टक् झालं आणि निळी ठिणगी पडली. मी दोन पावलं मागे.

"हळू फिरलं तर ठिणगी पडण्याइतका जोर येत नाही," तो म्हणाला. "आणि हाताने कितीही मारलं तरी ते हळूच. म्हणून आत स्प्रिंग आहे. ती चुंबकाला धरून ठेवते आणि ऐन वेळी सोडते. सुरू करताना टक् वाजतं ते हेच."

मला इतकी वर्षं वाटायचं की आत काहीतरी ढिलं झालंय.

विचारलं, "चुंबक म्हातारा होतो का?"

"होतो. जोर कमी होतो. मग भरून आणायचा."

"पण बॅटरी नाही ना लावत?"

"नाही."

"झालं तर."

तो माझ्याकडे बघत राहिला. "कुणी काही म्हणालं का, वहिनी?" मी म्हटलं, कोण काय म्हणणार. गोळा खडूच्या खुणेवर बसवला. सगळं माझ्याच हातांनी.

१७ मार्च

जेवताना दोघांना सगळं समजावून सांगितलं. चुंबक, तार, ठिणगी. म्हटलं, जे आपली वीज आपण करतं त्याला बाहेरची लागत नाही. मुलगा ताटात बघत होता.

सून म्हणाली, "आणि ते बंद पडलं की?"

"मी सुरू करते."

"हं," म्हणाली आणि भांडी उचलली.

तिच्या त्या हं-मध्ये काय होतं कुणास ठाऊक. मुद्द्याचं बोलता येत नसलं की माणसं हं म्हणतात.

२० मार्च

शून्य. सकाळी हँडल मारल्यावर डोळ्यांपुढे काळं झालं. पण ते खाली वाकून उठल्यावर कुणालाही होतं. दुपारी एका बाईचं दळण दुसरीच्या डब्यात भरलं, पुसटसंही आठवत नाही. दोघीही माझ्यावरच उखडल्या. गव्हाला गहूच मिळाला होता, तरी.

२४ मार्च, सोमवार

हे सुनेने सांगितलं ते लिहिते. मी तिथे असून नव्हते.

सकाळी भरड्याची पोती होती. मी ट्रॅक्टर सुरू केला आणि रॉकेलवर घ्यायला बाजूला उभी राहिले. सून पुढे गिरणीवर. वरचा मका संपला की ती हाक मारते आणि मी ओ देते. आज मका संपला, दगड कोरडे फिरायला लागले, तिने तीन हाका मारल्या. ओ नाही. मागे येऊन बघते तर मी इंजिन आणि पट्ट्याच्या मधे आडवी. माझी बाही पट्ट्यापासून चार बोटं.

तिने कोपऱ्यातला दांडा उचलला आणि धावत्या पट्ट्याला टेकवून पट्टा पुलीवरून पाडला. मोठमोठ्या गड्यांना जमत नाही. ओझं सुटल्यावर इंजिन बोंब मारायला लागलं. तेवढ्यात मुलगा डबा विसरला म्हणून परत आला होता, तो धावला.

इथून पुढचं माझं. डोळे उघडले तर मुलगा इंजिनाभोवती फिरतोय, घाम फुटलाय, ओरडतोय, "चावी कुठाय? बॅटरीची वायर कुठाय?"

मी पडल्या पडल्या म्हटलं, "असती तर काढली असतीस. अरे, टाकीखालचा कॉक फिरव. उजवीकडे. तुझ्या नाही, माझ्या उजवीकडे!"

कॉक बंद केला तरी आतलं रॉकेल संपेपर्यंत मिनिटभर इंजिन चालतंच. ते मिनिट तो कॉक दोन्ही हातांनी धरून उभा होता.

पोती तशीच राहिली.

संध्याकाळी सून माझ्या खोलीत आली. बसली नाही. म्हणाली, "आई, तुम्ही बंद पडलात आणि ते चालूच होतं. कुणाकडे आधी बघावं कळेना. मी आधी पट्टा पाडला. तुमचा श्वास चालू आहे का, ते नंतर बघितलं."

मी म्हटलं, "बरोबर केलंस. पट्टा आधी."

"बरोबर केलं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण हे मला पुन्हा करायला लावू नका." आणि गेली. लग्न होऊन आल्यापासून एवढं लांब वाक्य माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

२५ मार्च

आज मुलाने गिरणी उघडू दिली नाही. बसून वही वाचली. नेमकं आजच माझं अक्षर मला लागलं.

मका सांडला. चहा सांडला. काळं झालं. दळण बदललं. न लिहिलेले तीन आठवतात, एक न्हाणीघरातला. कालचा धरून आठ. चिठ्ठीवर सगळी शून्यं, एकाखाली एक, छान गोल काढलेली.

लबाडी केली असं मला लिहिताना एकदाही वाटलं नव्हतं. हेच जास्त लागलं.

२६ मार्च

मिस्त्री बातमी ऐकून आला. दारात पोती पडलेली, गवळी दोनदा येऊन गेला. मी म्हटलं, भाऊजी, मला उठायची बंदी आहे. जरा ट्रॅक्टर सुरू करून द्या.

"नाही, वहिनी."

"का? हात झिजतील?"

त्याने सदऱ्याची वरची दोन बटणं काढली. डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत काहीतरी होतं, काड्यापेटीएवढं.

"सहा वर्षं झाली," तो म्हणाला.

"आणि सांगितलं नाहीत?"

"आयुष्यभर बिनबॅटरीची इंजिनं सांभाळली, आणि आपल्यालाच लागली. लोक हसतील वाटलं."

"मी हसले असते."

"म्हणूनच."

तेव्हा त्या स्टुलाचा उलगडा झाला. चालू इंजिनाच्या ठिणगीजवळ त्याला जाता येत नाही आणि चुंबकाला छातीशी घेता येत नाही. ते यंत्र बिथरू शकतं म्हणे. बंद इंजिनाची कामं तो स्वतः करतो, बाकीचं स्टुलावरून. आळशी म्हटलं ते परत घेते. इथेच घेते, तोंडावर नाही.

मी विचारलं, "जिवाला बरं वाटतं का असं लांबून?"

"नाही," म्हणाला. "पण मी नसतो तर निम्मंसुद्धा झालं नसतं."

२७ मार्च

म्हणजे भानगड अशी आहे. बॅटरी बसवली तर ट्रॅक्टर माझ्या हातून गेला. नाही बसवली तर मी.

हे लिहून झाल्यावर वाटतं, ह्यात विचार करण्यासारखं काय आहे. तरी दिवसभर विचार केला. मला शेतातलं धड येत नाही, स्वयंपाक जेमतेम, देवाधर्माचं मन नाही, गोड बोलता येत नाही. एक हँडल मारता येतं. लोक म्हणतात, म्हातारीचा ट्रॅक्टर. उद्या म्हणतील, ती म्हातारी, जी बसून असते.

ठिणगीचं पुन्हा आठवलं. आपली वीज आपण करतो हे खरं, पण आधी कुणीतरी फिरवावं लागतं, आणि हळू पडलं की ठिणगी मरते. मिस्त्रीने दोन्ही सांगितलं होतं. मी मला हवं तेवढं ऐकून घेतलं.

आजची एक. भाजी निवडताना. सुनेने खांदा धरला होता.

२८ मार्च, शुक्रवार

डॉक्टरणीला चिठ्ठी दिली. तिने शून्यं बघितली, माझ्याकडे बघितलं. मग मी पिशवीतून ही वही काढून दिली.

तिने सगळी वाचली. मधेच हसली. मग हसायची थांबली.

"चिठ्ठीत तर काहीच नाही, आजी."

"ती तुझ्यासाठी होती."

ती चिडली. चिडली की अगदी लहान दिसते. आजच दाखल व्हा म्हणाली. मी म्हटलं, सोमवारी. सुनेला ट्रॅक्टर शिकवायचा आहे, मला दोन दिवस दे. खूप वाद झाला. शेवटी मुलाकडून सही घेतली, की हँडलाला हात लावायचा नाही, एकटीने राहायचं नाही, उभं राहायचं नाही. आणि सोमवार म्हणजे सोमवार.

"नंतर चालू इंजिनापासून किती लांब?" मी विचारलं.

"हातभर तरी."

"कुणाचा हात?"

"आजी, तुमचा स्वभाव बघता दोन हात."

निघताना मॅग्नेटोचं सांगितलं तिला, चुंबकापासून टक्पर्यंत. तिने लक्ष देऊन ऐकलं. बाहेर बाकावर दहा माणसं खोळंबली होती, तरी.

२९ मार्च, शनिवार

खुर्ची टाकून बसले. मुलगा पाठीशी उभा, जणू मी पळून जाणार.

सुनेला सांगितलं, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही. उलटलं तर हात सुटला पाहिजे. खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. तिने पाच वेळा ओढलं, सुरू झाला नाही. मी ओरडले, जोर लाव, खाल्लेलं कुठे जातं तुझं.

तिने हँडल काढून खाली ठेवलं. "आई, तुम्ही ओरडता तेव्हा मला तो टक् ऐकू येत नाही."

मी गप्प बसले. मुलाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मला दुसरा आजार झाला.

आठव्या वेळी सुरू झाला. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, इंजिनाकडे बघत राहिली. मी पहिल्यांदा सुरू केला तेव्हा हे मागे उभे होते. त्यांच्याकडे मी तरी कुठे बघितलं होतं.

आनंद झाला असं लिहायला हवं. नाही झाला.

५ एप्रिल

बसवली. सोमवारी. झोपेचं औषध पूर्ण दिलं नव्हतं, कात्रीचा आवाज येत होता. बरोबरच्या बाईला डॉक्टरीण सांगत होती, ह्या आजींना ठिणगीचं सगळं कळतं. मी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले, नाहीतर अजून काही बोलली असती.

डावा हात वर न्यायचा नाही, वजन उचलायचं नाही, सहा आठवडे. जागा खाजते. आतून काहीही कळत नाही, टक् वगैरे काही नाही. फसवलं की काय असं वाटतं. पण तेव्हापासून काही सांडलं नाही.

१४ एप्रिल

सुनेने इंजिनाजवळचा माझा उभं राहायचा पाट हलवून दुसरीकडे ठेवला. तिला तिथून कॉक गाठायला सोपं जातं म्हणे. मी तिला सांगणार होते की चाळीस वर्षं तो तिथेच होता. तिची उंची बघितली आणि नाही सांगितलं. जिभेवर आलेलं परत आत घेतलं. ह्यालाही सहा आठवडे लागणार.

१२ मे, सोमवार

डॉक्टरणीने चालायला सांगितलंय. आज सकाळी एकटीच रस्त्याने वळणापर्यंत गेले. परत फिरले आणि घराकडून आमचा ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. तिसऱ्या ओढीला. मी ओढी मोजत होते.

रस्त्यात उभी राहिले. चाळीस वर्षांत हा आवाज मी बाहेरून कधी ऐकला नव्हता. ऐकणार कशी, तो चालू असताना मी नेहमी त्याच्याजवळच. जवळून नुसता गडगडाट असतो, अंगात भरतो, कान काही वेगळं काढू शकत नाहीत. इथून तो लहान वाटत होता, आणि त्याचे चारही ठोके सुटे सुटे येत होते. एक, दोन, तीन, आणि चौथा कच्चा. पुन्हा एक, दोन, तीन, आणि चौथा कच्चा.

घरी जाऊन दारातूनच सुनेला हाक मारली. म्हटलं, चारातला एक सिलिंडर चुकतोय.

"मला तर काही ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"तुला तिथून येणारच नाही. बंद कर आणि एकेक प्लग काढून बघ."

तिने बंद केला, प्लग काढले आणि एक दारापर्यंत आणून दाखवला. काजळीने पार काळा.

तिने तो पुसला, घासला, बसवला. सुरू केला. मग गिरणीतून बाहेर डोकं काढून विचारलं, "आई, आता?"

मी म्हटलं, थांब. आणि पुन्हा वळणापर्यंत गेले.